रोयण

कपाट फणसाच्या लाकडाचं,
आणि पितळी चावी माझ्या करदोट्याला.
आंघोळीलासुद्धा ती उतरली नाही;
बेंबीखाली तिचा हिरवट डाग पडलाय,
तो अजून आहे.

आत काय, विचारा.
एक-चौदाचे उतारे, तीन सर्व्हे नंबरांचे.
पोर्तुगीज अमदानीतला एक जाड कागद,
ज्यातलं मला फक्त खापरपणज्याचं नाव वाचता येई.
कुळागराचं वाटणीपत्र,
भावाला दोन माड जास्त गेले
हा चौदा वर्षांचा संशय त्यातच घडी घालून.
विम्याच्या पावत्या. सोसायटीची पासबुकं.
पंचांगात दडवलेल्या पाचशेच्या नोटा:
एकादशीला दोन, अमावास्येला चार.

रात्री डोळे मिटून मी त्यांची हजेरी घेई.
सुरंगा म्हणे, झोपेत ओठ हलतात तुमचे,
कसला जप?
मी म्हणे, जपच.

मग मार्गशीर्षात एका सकाळी
चावी फिरली, दार उघडलं,
आणि कागदांच्या जागी
कागदांचा नुसता आकार.
बोट लावलं तर आत गेलं.
लाल, ओलसर, रवाळ माती.

वाळपईहून मिंगेल आला, पाठीवर पंप.
वाळवीची वाट उलटी धरायची, म्हणाला,
आधी घर शोधायचं, मग औषध.
बोटाएवढी मातीची नळी
कपाटामागून भिंतीत, भिंतीतून जोत्याखाली,
न्हाणीमागच्या अळवातून, गडग्याच्या फटीतून,
मध्येच हरवत, पुन्हा सापडत,
मी त्याच्या पुढे, गुडघ्यांवर,
डोकं खाली.
पायरी आली तीही मला हातांना कळली.
वर बघितलं तर घंटा होती,
आणि मिंगेलनं टोपी काढलेली.

समोर सातेरी.
पुरुषभर उंच रोयण,
हळदकुंकवानं माखलेली,
अंगावर कालचा अबोलीचा वळेसर,
सुरंगानंच गुंफलेला.

बराच वेळ कोणीच बोललं नाही.
'इथं मारत नाहीत ना?' मिंगेलनं विचारलं.
पंपातून एक थेंब पायरीवर पडला,
तो त्यानं रुमालानं पुसला.
'कामाचे नको,' म्हणाला, 'पेट्रोलचे तेवढे द्या.'

मला हसू आलं.
कुठून आलं, ठाऊक नाही.
साठ वर्षं या मातीपुढे हात जोडून
गावकराच्या गाऱ्हाण्याला मी
'व्हय म्हाराजा' म्हणत आलो:
जे काय आहे ते तुझंच आहे, आई.
साठ वर्षं. दर जत्रेला. सगळ्यांत मोठ्यानं.
तिनं ऐकलं, एवढंच झालं.

आता चिंता गेली म्हणाल, तर नाही.
मामलेदार कचेरीत नकलांचा अर्ज दिलाय;
कारकून म्हणतो, येतील, पुढच्या महिन्यात.
भावाला सांगायला गेलो, कागद गेले.
तो म्हणाला, माड कुठं गेलेत?
आणि शहाळं सोलून दिलं.
कुठल्या माडाचं, मी विचारलं नाही.
गोड होतं.

उताऱ्याचा एक तुकडा तेवढा उरला.
कब्जेदाराच्या रकान्यात
माझ्या नावाच्या जागी भोक.
डोळ्याला लावलं तर
अंगणात वाळणारी सुपारी दिसते,
आणि कोंबड्यांना हुसकावणारी सुरंगा,
अर्धी.

चावी तिनंच नेली.
खोबरेलाच्या डब्याचं झाकण त्या चावीनं बरं निघतं.

रात्री कपाट कुरकुरतं.
पूर्वी उठून बसलो असतो.
आता कूस बदलतो फक्त.
आई, सावकाश.
पंचांग तुझ्याकडेच आहे,
उद्याचं तू बघ.