परखी

पस्तीस वर्षं परभणीच्या मोंढ्यात
पोतं आधी पाठीला कळायचं, मग मला.
तूर सरकते, हरभरा गच्च बसतो,
भिजलेलं सोयाबीन मानेवर गार लागतं,
आणि तळाला खडे भरले असले
तर तिसऱ्या पायरीला गुडघा सांगायचा.

आता दुसऱ्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांमध्ये
स्लॅबवर पाच पोती उभी आहेत,
सरकी पेंडेची, तोंडं खाली दुमडलेली,
आणि मी त्यांना उचलत नाही.

कौसाचं खूळ.
दिवाळीआधी टोपलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले,
भाजीला नको म्हणाली, माती आणा म्हणाली.
शेणखत, राख, मोंढ्यातला भुसा.
बुडाला भोकं मी पाडली, जुन्या हुकानं.
अर्धंच भरलं. म्हटलं, अर्धं पोतं उभं राहत नाही.
"राहतंय की. पाला वर आला की माती टाकायची,
पुन्हा आला की पुन्हा.
उघडं पडलं तर हिरवं होतंय, कडू होतंय."

नळ आठवड्यातून एकदा,
तरी पोत्याला दोन तांबे चुकले नाहीत.
पाला मांडीला लागला, पांढरी फुलं आली,
शेजारचा फैजान रोज विचारायचा, दादा, झाले का?
मला काय ठाऊक.

मोंढ्यात असं नव्हतं.
तिथं आडत्या परखी खुपसायचा पोत्याच्या कुशीत,
मूठभर दाणे नळीतून तळहातावर,
एक फुंकर, एक दाणा दाताखाली, आणि भाव.
थांबायचं कुणाला कामच नव्हतं.

एक परखी माझ्याकडे आहे.
तोष्णीवाल शेठचं दुकान मोडलं तेव्हा
मजुरीच्या बाकीत मिळालेली,
पितळी, टोकाला झिजलेली.

पौषात एका रात्री, कौसा झोपल्यावर,
वर गेलो, पायात काही न घालता.
स्लॅब गार. वसमत रोडला एक ट्रक गिअर बदलत होता.
तिसऱ्या पोत्यावरून हात फिरवला,
जिथं फुगवटा वाटला तिथं
घातली.

दाणे आले नाहीत.
खोबणीत ओली माती, आणि मातीत
नखाएवढा पांढरा गर,
पाणी सुटलेला.

धोतराच्या सोग्याला परखी पुसली. दोनदा.
भोकावर माती दाबली.
खाली येऊन पडलो तर अंधारातून कौसा,
"कोण व्हतं वर?"
मांजर, म्हटलं.

माघात पाला पिवळा पडला.
मी पाणी घेऊन निघालो तर तिनं तांब्या धरला.
"आता नाही. मरू द्या त्याला."
पाला लोळला, वाळला, काड्या राहिल्या.
आता तरी?
नाही.
मग एका सकाळी तिनं कडेनं हात घातला,
कोपरापर्यंत, नजर भलतीकडे,
उतरंडीच्या तळच्या गाडग्यात पैसे चाचपावेत तशी.
एक काढला. अंगठ्यानं घासला. साल सरकली.
होता तिथं ठेवून माती लोटली.
"साल धरली नाही अजून."

आठ दिवसांनी पुन्हा. पुन्हा नाही.
तिसऱ्या खेपेला सालीनं अंगठ्याला दाद दिली नाही,
तेव्हा म्हणाली, "ओता."

ताडपत्रीवर पोती उपडी केली.
बटाटे घरंगळत सळयांना जाऊन लागले,
फैजान त्यांच्यामागं.
काही मुठीएवढे, काही लिंबं, एक तर नुसती गोटी.
सगळे एका पोत्यात भरून उचलले,
अकरा, म्हटलं.
काट्यावर अकरा दोनशे.
"पाठ काई विसरली नाही," कौसा हसली.

आणि निवडताना तिच्या हाती तो आला.
कुशीत भोक, करंगळी जाईल एवढं,
आतून खपली धरलेली, तपकिरी, कोरडी.
तिनं तो उन्हाकडे धरला, फिरवून पाहिला.
"उंदीर असंल," म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता,
"नाहीतर मांजर."

मी ताडपत्री झटकत राहिलो.