ओलं वजन

तालुक्याहून तक्ता आला दाभोळच्या शाळेत:
शंभर ग्रॅमला सोयाबीन, प्रथिने त्रेचाळीस.
मोडाचे मूग, चार.
मी तो खिळ्याला अडकवला, चुलीसमोरच.

हमीदा सोलकरने हात पुसत वाचला.
"बाई, हे मूग ओले तोलले की सुके?"
मला माहीत नव्हतं.

तिने जेटीवरून मासळीचा काटा मागून आणला,
हुकाला बांगड्याचा खवला चिकटलेला.
रात्री बांधलेलं फडकं तसंच टांगलं.
काल पाव किलो होते मूग,
आज अर्ध्याच्या पुढे.
"वाढलं ते पाणी," ती म्हणाली,
"पाणी तोललंत नि मुगाला नापास केलंत."

सोयाबीनवर तिचा राग नाही.
शिजायला हट्टी, एवढंच.
आणि वड्या पोरं वेचतात,
गडग्यापलीकडे कावळ्यांना टाकतात;
त्रेचाळीसातले किती कावळ्यांचे,
त्याला तक्त्यात रकाना नाही.

आज पाट्याजवळ गेले म्हणून कळलं:
ओल्या खोबऱ्याच्या वाटणात
ती भाजलेलं सोयाबीन घालते, मूठभर,
कुणाला न सांगता.
मोड मात्र उघडे, शेपटीसकट.
पावसकरांचा निहाल आधी शेपटी खातो,
मग दाणा, मग बोटं.

जेवणं उरकली. रजिस्टर उघडलं.
मेनू: मोडाची उसळ.
प्रथिने:
इथे पेन थांबलं.
दोरीवरचं फडकं अजून गळत होतं,
खाली शेणाच्या जमिनीवर
एक काळा, ओला ठिपका
सावकाश मोठा होत.