बसून असतात

परभणीच्या जिल्हा परिषदेत
खरेदी शाखा वर आहे, पंख्याखाली.
तिथं निविदा उघडतात, दर वाचतात,
तुलनात्मक तक्त्यावर सात सह्या होतात.
भांडार खाली, जिन्याच्या पोटात.
फिनेलच्या डब्यांमागं निजामाच्या वेळचं लोखंडी कपाट
आणि त्याची किल्ली कमरेला बांधलेले
गुलाम दस्तगीर, भांडारपाल.
वरचे म्हणतात, भांडारवाल्यांचं बरं असतं.
बसून असतात.

मी आवक-जावकला. टेबल जिन्यासमोर,
म्हणून मला दिसलं.

एकतीस मार्च. दुपारी तीन ट्रक,
शाळांची तीनशे बारा बाकं.
ट्रकच्या फळीला हात लावू देईना असं ऊन.
पुरवठादाराचा माणूस चलन पुढं करत म्हणाला,
"चाचा, शिक्का हाना. वित्तवाले पाचलोकच बिलं घेतेत."
वरून फोन : आज बिल गेलं नाही तर निधी परत,
लेकरं पुन्हा फरशीवर.
हे खोटं नव्हतं.
तीच तर अडचण.

दस्तगीरांनी कपाट उघडलं.
मंजूर नमुन्याची हातभर फळी, कापडात, लाखेचं सील.
सील फोडलं. फळी हुंगली.
ट्रकमधल्या बाकाला नख लावलं.
नख आत गेलं.

मग ते एकेका बाकावर बसले.
नुसते टेकले नाहीत.
लेकरू बसतं तसं, पाय हलवत, मागं वळत,
गुरुजींची नजर चुकवून शेजारच्याला ढोसल्यागत.
कुरकुरलं की खडूची फुली.
सुंद्राबाईनं पाणी आणलं तेव्हा
ते दोनशे चौथ्यावर होते.

नोंदवहीत लिहिलं, सुट्या सुट्या अक्षरात :
मिळाली तीनशे बारा.
नमुन्याप्रमाणे एकशे शहाण्णव. बाकीची परत.
फाइल वर गेली, लगेच खाली आली.
समासात हिरवी शाई : "चर्चा करावी."
दस्तगीर वर गेले. दार लागलं.

काय चर्चा झाली, मला ठाऊक नाही.
बिल एकशे शहाण्णवचंच गेलं,
पाचला चार मिनिटं कमी असताना.
जावक वहीत आहे.
एकशे सोळा बाकांवरची लेकरं जूनमध्ये कुठं बसली,
ते कुठल्याच वहीत नाही.
त्यांनाही ते ठाऊक होतं. त्या दिवशी
डबा तसाच घरी नेला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सांगत होते,
पाटलोणीवरचा व्हार्निशचा डाग घासता घासता
बायको म्हणाली, दिवसभर केलं तरी काय?

"काय सांगू," म्हणाले,
"बसलो होतो."