आधी पडलेलं

सराव परीक्षेत यामिनी हलामीनं
कोरा पेपर दिला.
अगदी कोरा नाही म्हणता येणार,
बैठक क्रमांक होता, वळणदार,
आणि पहिल्या प्रश्नापाशी
पेन एकाच जागी टोचून टोचून पडलेलं
निळं भोक.

मी विचारलं. वर्गात, सगळ्यांसमोर.
(लिहितानाही बरं वाटत नाही.)
ती म्हणाली, "समदं येत होतं जी सर.
पेपर हाती आला न् समदं गेलं."
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
फळ्याच्या वर मीच रंगवून ठेवलं होतं:
बोर्डाला उरले इतके दिवस.
रोज आकडा पुसायचो, नवा लिहायचो,
चोवीस, तेवीस, बावीस,
आणि त्यालाच शिकवणं समजायचो.

मग मोह पडायला लागला.
कुरखेड्याच्या वर, जंगलाला लागून जी गावं आहेत
तिथली निम्मी हजेरी दरवर्षी
याच पंधरवड्यात गळते.
मी गाडी काढली पहाटे साडेचारला,
रागातच.
टेकडीच्या पायथ्याशी टॉर्च दिसला,
त्याआधी आवाज ऐकू आला:
"उणे बी, अधिक-उणे वर्गमूळात
बी वर्ग उणे चार एसी…"
आणि पलीकडच्या झाडाखालून
तिच्या धाकट्या भावाचा, बोबडा,
"भागिले दोन एऽऽ!"

पालापाचोळा जाळून साफ केलेली जमीन,
तिच्यावर पिवळट फुलं,
आणि तो वास, डोक्यात चढणारा.
मी म्हटलं, एवढ्या मोठ्यानं कशाला?
"अस्वल येते जी, मोह खायाले.
बोलत राहिलं का मंग येत नाही.
गाणी संपली, मंग सूत्रं घेतली."

भीती नाही वाटत?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहतो, कुणी पाढा चुकला की.
"वाटते ना. पण वेचाले तं लागते."

मी गाडी स्टँडवर लावली आणि वाकलो.
कंबर धरली पाचव्या मिनिटाला.
एक फांदी हाताशी होती, भरलेली,
ती हलवायला गेलो तर भाऊच ओरडला,
"हलवू नोका! कच्चा पडते!"
यामिनी न थांबता म्हणाली,
"जे पडलं ते आधी वेचा.
वरचं उद्या पडन."

उजाडलं तेव्हा तिची टोपली भरली होती,
माझ्या हातरुमालात मूठभर फुलं
आणि तोंडात शब्द नव्हता.

त्या दिवशी फळ्यावरचा आकडा पुसला
आणि नवा लिहिला नाही.
वेचणाऱ्या सात पोरांचा वर्ग दुपारी घेतला,
सकाळी नाही. कुणाला डुलकी लागली
तर लागू दिली.
जुने पेपर वाटले, पण पहिली दहा मिनिटं
कुणी लिहायचं नाही असं ठरवलं,
नुसतं फिरायचं प्रश्नांखालून,
पडलेलं काय काय आहे ते बघायचं.
रात्री नऊनंतर पुस्तक उघडलेलं दिसलं
तर आईनं मला फोन करायचा.
दोन आयांनी केलासुद्धा.
विकेश नरोटे तरी सगळं पहिल्यापासूनच सोडवायचा,
तिसऱ्या प्रश्नात अडकायचा, रडायचा.
सगळ्यांना सगळं लागू पडत नाही.
त्याला मी नुसतं पाणी दिलं,
आणि शेजारी बसलो.

बीजगणिताच्या दिवशी मी केंद्राबाहेर
चहाच्या टपरीवर, तीन कप, एकही गोड लागला नाही.
दुपारी दुसऱ्या शाळेचे पर्यवेक्षक बाहेर आले,
ओळखीचे निघाले, देसाईगंजचे.
म्हणाले, "तुमची ती एक पोरगी,
खिडकीजवळची, पेपर घेतला
आणि ओठ हलवत बसली की हो!
आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ.
टोकणार होतो, मग म्हटलं
देवाचं नाव घेत असेल, घेऊ द्या."

मी कप खाली ठेवला.
"नाही हो," म्हटलं,
"अस्वल हाकलत होती."