डावं-उजवं

हडर्सफील्डच्या सोमवारच्या बाजारात
जुने कोट आणि मोबाईलची कव्हरं यांच्या मधल्या टेबलावर
ती डबी मिळायची. चार पौंड. झाकणावर झेंडूचं फूल,
खाली बारीक अक्षरांत : शंभर टक्के वनस्पतींपासून.
ब्रॉडबेंट बाईंच्या नातवाचा इसब तीन दिवसांत गेला.
तीन दिवसांत! त्यांनी विकणारीला केक करून नेला.
मग डबी संपली,
आणि गालांवर, कोपरांच्या लवणीत
आग परत आली, व्याजासकट.

आता ती डबी माझ्यापुढे आहे,
आत बोटानं निपटून घेतल्याच्या रेघा.
कडेला राहिलंय नखभर. मला तेवढं पुरतं.

हे यंत्र म्हणजे तराजूच, फक्त पारडी नसलेला.
रेणूला विजेचं बोट लावायचं, पोकळीत सोडायचं,
पलीकडे कोण पोचतं ते मोजत बसायचं.
तीनशे त्र्याण्णव.
म्हणजे दोघांतला एक, डेक्सा नाहीतर बीटा.
कार्बन तेवढेच, फ्लोरिन एकच,
वजनात गुंजेचाही फरक नाही.
सोळाव्या कार्बनवर एक मिथाइल,
एकाचं वर, एकाचं खाली,
आणि एवढ्यावरून दोन नावं.

आई पान वाढायला शिकवायची :
मीठ मधोमध, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे.
पोटात गेल्यावर सगळं एकच की, मी म्हणायचे.
पोटात जाईपर्यंत तरी नीट वाग, ती म्हणायची.

तर मी त्याला फोडते.
आर्गॉनच्या गर्दीत ढकलते, धक्के खाऊ देते.
आधी फ्लोरिन सुटतं, हायड्रोजनचा हात धरून.
मग पाणी. पुन्हा पाणी.
दोघंही असेच फुटतात, तेच तुकडे होतात;
कुठला तुकडा किती, एवढ्यावरच ओळख.

बीटाला मी आधीपासून ओळखते.
बाविसावं वर्ष, बघायला माणसं यायची,
सांगलीच्या औषधवाल्यानं मावशीला एक ट्यूब दिली,
रात्री चेहऱ्याला, पातळ थर. आठ महिने.
(तेव्हा त्याला एक शेपटी जोडलेली असायची, पण तोच.)
उजळले मी. मग सोलले.
इथल्या वाऱ्यात अजून गालांवर शिरा उठतात, लालजांभळ्या,
आणि शेजारच्या बाकावरचा नायजेल विचारतो,
कोणाचा फोन होता, एवढी लाजलीस ती?

म्हणून पडद्यावर रेघ चढायला लागली तेव्हा
मला वाटत होतं, तोच निघावा.
असं वाटू नये. पगार न वाटण्याचाच मिळतो.

दोन्हींचे प्रमाण नमुने चालवले. मग डबी.
मग नुसता द्रावक, आधीचं काही चिकटून राहिलं नाही ना बघायला.
मग पुन्हा डबी.
रात्रीचे पावणेतीन. पंप कुरकुरतोय, चहावर साय.
बीटाच्या वेळेला रेघ सपाट राहिली.
वीस सेकंद गेले.
मग शिखर आलं, निमुळतं, स्वच्छ,
तुकड्यांचं प्रमाणही जुळलं.
डेक्सा.
माझा नव्हताच तो.

हायसं वाटलं जरा, आणि लगेच हायसं वाटल्याची लाज.
त्या पोराच्या कातडीला कसलं डावं-उजवं?

सकाळी ऑलरेनशॉ साहेबांचा फोन, ग्राहक खात्यातून.
विकणारीच्या शेडमध्ये पिशवी सापडलीय, पांढरी पूड,
तिच्यावर बीटा लिहिलंय, आणि आमच्याकडे तपासली तेव्हा निघालाही तोच;
माझ्याकडूनही तोच आला असता तर काम सोपं झालं असतं.
"शेवटी दोन्ही सारखीच ना?"

नाही, म्हटलं मी. सारखी नाहीत.
म्हणजे आणखी एक पिशवी आहे. कुठेतरी.

ते काही बोलले नाहीत.
खण उघडल्याचा आवाज आला,
बहुतेक पेन शोधत असावेत.