शीट ४१७

दोघं आले शनिवारी, आधी फोन करून.
नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, लिफ्ट बंद,
तरी चार मजले चढले, म्हणजे काम खरंच अडलेलं.
मुलगी तिरुचीची, मराठी नीट जपून बोलणारी,
मुलगा उरणचा, घरत.
पाणी प्यायले. टीपॉयवरची औषधं सरकवून लॅपटॉप उघडला
आणि त्यात माझं अक्षर.

ट्रेसिंग कापडावरची शाई. खाली कोपऱ्यात
ट्रेसर: न. वि. सुळे.
या आडनावाने मला हाक मारणारं
आता कुणी उरलेलं नाही.

"मॅडम, तो प्लांट आम्ही पाडत नाही," मुलगी म्हणाली,
"म्हणजे पाडतोय, पण… उलट्या क्रमाने…"
उसवताय, मी म्हटलं.
तिने शब्द वहीत लिहून घेतला.

शेवटी बसवलेलं आधी काढायचं.
पाण्याखाली कापायचं, पिंपात घालायचं,
पिंपात सिमेंट, पिंपावर नंबर,
नंबरांची वही,
आणि वही सांभाळायला
अजून जन्माला यायची आहेत ती माणसं.
ब्लाउज उसवायलाही उजेड लागतो,
इथे तर आत कुणी जायचंच नाही. करवत यंत्राच्या हातात.

अडलं होतं एवढंच:
शीटवर पाइप भिंतीतून सरळ जातो.
भोक पाडून कॅमेरा घातला, तिथे नुसतं काँक्रीट.
पाइप गेला कुठे?

मला आधी अमोनियाचा वास आला,
प्रिंटच्या खोलीतला, डोळ्यांत पाणी आणणारा.
मग ब्लेड, चुकलेली शाई खरवडायचं.
मग दारात हसुराम भोईर, करावे गावचा,
ठेकेदाराकडचा वेल्डर, चप्पल बाहेर काढून उभा:
"बाय, लाइन सरल नाय गेली.
सल्या आरव्या आल्या. हातभर खाली घेतली
न डावे अंगाला वलवली. तुजे कागदाव घे."

साहेब म्हणाले, सुधारित शीट निघेल तेव्हा बघू.
निघाली नाही.
मी मात्र कापड पालथं करून
मागच्या बाजूला पेन्सिलीने ती रेघ ओढली होती.
ओढली होती ना?
चव्वेचाळीस वर्षं झाली. गॅस बंद केला का
हे मी हल्ली तीनदा बघते.

"स्कॅन पुढच्याच बाजूचा असणार," मी म्हटलं,
"मूळ कापड काढा. पालथं करून उजेडासमोर धरा."
दोघांनी एकमेकांकडे बघितलं,
म्हाताऱ्या माणसांसमोर बघतात तसं.
चहा मात्र दोघांनी संपवला.

रविवारी, सोमवारी मी गॅलरीत.
खाडीच्या पलीकडे धुरकटात तो घुमट,
उपड्या पातेल्यासारखा.
त्या मुलाने जाताना सांगितलं होतं:
कोबाल्ट सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो,
मग निम्म्याचा निम्मा, म्हणून घाई करत नाहीत.
हसुरामला जाऊन साडेदहा झाली.
मी हिशेब केला आणि लगेच सोडून दिला,
माणसांना तो लागू नाही.

मंगळवारी दुपारी फोन.
"मॅडम, आहे! फिकट आहे, पण आहे.
वळण, बाण, आणि बाजूला काहीतरी… ह. भो. म्हणतो.
हे काय, कुठला कोड आहे?"

कोड नाही, बाई, माणूस.
तुमच्या कुठल्याही रजिस्टरात नसेल,
ठेकेदाराचे होते ते गेटवर मोजून आत घेत,
मोजून बाहेर.

"नव्या ड्रॉइंगवर माहितीचा स्रोत लिहावा लागतो," ती म्हणाली.
मग लिही.
हसुराम. ह ला काना नाही, स ला उकार.
भोईर. दीर्घ ई.
आता वाचून दाखव.

तिने वाचलं.
पुन्हा एकदा, मी म्हटलं,
खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी वाजत होती.