पोच

नोटीस अप्पांच्या नावानं आली
तेव्हा अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती.
पोस्टमननं विचारलं, "आहेत का?"
"द्या इकडं," म्हटलं, आणि त्यांच्या नावापुढं
सही माझी केली.

उदगीरच्या दुकानात आम्ही पत्र्याच्या पेट्या विकायचो,
लग्नातल्या, निळ्या, झाकणावर मोर.
त्यातल्या आठ लाखांच्या भालकीला गेल्या.
भालकी जवळच, पण मधे राज्याची वेस.
वेशीपलीकडचा माल म्हणून कर कमी,
कर कमी म्हणून सी-फॉर्म हवा,
आणि फॉर्म द्यायचा संगय्या शेटजींनी.
"धाडतो की, अप्पा," म्हणायचे,
आणि टोपलीभर पेरू धाडायचे.

कर चौऱ्याऐंशी हजार.
व्याज त्याच्याहून उंच,
धाकटा कधी थोरल्याच्या डोक्यावर जातो तसं.
दंड वेगळा.
कागदावर अप्पा 'कसूरदार' होते.
आकडे पाठ झाले, तो शब्द होईना.

लातूरला झंवर वकील म्हणाले,
"अपील करता येईल. दहा वर्षं जातील.
नाहीतर अभय योजना आहे. अर्धा कर भरा, बाकी माफ."
"म्हणजे चूक आपली होती, असं होतं?"
"तसं कुठं लिहीत नाहीत."
"नव्हती, असं?"
"तेही लिहीत नाहीत."

पाटीवर जीएसटी, लोक अजून विक्रीकरच म्हणतात.
तिथं मी पेटी घेऊनच गेले.
रिक्षावाला म्हणाला, "ताई, नांदायला निघालाव का?"
आत अप्पांच्या पत्रांच्या कार्बन प्रती,
एकोणीस, प्रत्येकीला रजिस्टरची पावती टाचलेली.
तांबोळी मॅडमनी एक वाचलं, मग दुसरं.
"श्रावण संपला. फॉर्मचं बघावं."
"थोरलीचं बाळंतपण सुखरूप झाल्याचं कळलं. फॉर्मचं बघावं."
सातव्यापाशी त्यांनी पंखा बंद केला,
कागद उडत होते म्हणून.
"हे काही फॉर्म नाहीत," त्या म्हणाल्या.
"माहीत आहे."
"तरी फाइलला लावते."

बेचाळीस हजार चलनानं भरले.
पत्रा कापायचं यंत्र विकलं,
उरलेल्या पेट्या विकल्या, मोरांसकट.
आदेश आला : थकबाकी निरंक.
आई म्हणाली, "म्हणजे काय गं, महानंदा?"
"काही उरलं नाही, आई."
ती बराच वेळ दुकानाच्या फळ्यांकडं बघत बसली.

दिवाळीनंतर भालकीहून पाकीट आलं.
संगय्यांचा मुलगा दुकान मोडत होता,
गादीखाली सापडला : सी-फॉर्म,
भरलेला, शिक्का मारलेला,
तारीख अप्पांच्या चौथ्या पत्राच्या आठवड्यातली.
सोबत चिठ्ठी : "अक्का, बाबांनी भरून ठेवला होता,
धाडायचा राहिला. उशीर झाला काय?"

आता कुठल्याच खिडकीवर तो घेत नाहीत.
उजेडाला धरून पाहिला. अक्षर सुरेख होतं.
संध्याकाळी पोस्टकार्ड आणलं, लिहिलं :
फॉर्म मिळाला.
पेरूंची टोपलीही त्या वेळी मिळाली होती,
पोच द्यायची राहिली.
कळावे.